आधी सफाई, मग चकाकी
मोटारसायकलीवर घरच्या घरी सिरॅमिक कोटिंग : कारागिरांसाठी एक पाठ

धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद जिल्हा) मोटारसायकल ही चैनीची वस्तू उरलेली नाही. नळदुर्गचा भाजीवाला, उमरग्याचा कापड घेऊन खेडोपाडी फिरणारा व्यापारी, परंड्याचा गवंडी, कळंबच्या बाजाराला जाणारा चप्पल दुकानदार, या सर्वांचे पोट दुचाकीच्या चाकावर चालते. असा माणूस दोन-तीन वर्षांची शिल्लक घालून किंवा हप्त्याने नवी गाडी घेतो, तेव्हा तिची चमक टिकावी असे त्याला वाटणारच. म्हणूनच 'सिरॅमिक कोटिंग'च्या पाट्या मोठ्या शहरांतून आता तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचल्या आहेत.

आमच्याकडे गॅरेज आणि वॉशिंग सेंटर चालवणारे तरुण दोन प्रश्न घेऊन येतात. हे काम मोठ्या यंत्रांशिवाय, घराच्या पडवीत करता येते काय? आणि यावर धंदा उभा राहील काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर, होय, करता येते. दुसऱ्याचे उत्तरही होय असेच आहे, परंतु एका अटीवर. ती अट समजावी म्हणून आधी आमची स्वतःची फजिती सांगतो.

आमची पहिली गाडी

दुचाकीचे रंगकाम आम्ही बरीच वर्षे करीत आलो आहोत. कोटिंगची पहिली बाटली आणली तेव्हा वाटले, यात शिकण्यासारखे काय आहे? रंग मारणाऱ्या हाताला पुसण्याचे काम अवघड कसे जाईल? ओळखीच्या एका मास्तरांची काळी मोटारसायकल घेतली. मे महिना होता आणि मास्तरांना संध्याकाळी लग्नाला जायचे होते. गाडी घाईत धुतली आणि दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये द्रावण लावायला घेतले. टाकी इतकी तापली होती की हात टेकवत नव्हता. द्रावण लावताक्षणी वाळले, कापड अडखळू लागले, आणि पुसायला वेळच उरला नाही. संध्याकाळी उजेडात पाहिले तर टाकीवर तेलाच्या तवंगासारखे रंगीबेरंगी पट्टे उठले होते. त्याखाली धुण्याच्या कापडाने पडलेले बारीक चरे जसेच्या तसे, उलट अधिक उठून दिसत होते.

मास्तर शांतपणे म्हणाले, "भाई, गाडी आणली तेव्हा बरी होती."

या एका वाक्याने आम्हाला जे शिकवले ते बाटलीबरोबरच्या कागदाने शिकवले नव्हते. कागद आम्ही वाचलाच नव्हता, हेही कबूल केले पाहिजे. तो थर पॉलिशने घासून काढायला आमचे तीन दिवस गेले. पैसे परत केले आणि काम पुन्हा फुकट करून दिले. दोष द्रावणाचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

कल्हईवाल्याचा धडा

खरे म्हणजे हा धडा आपल्या घराण्यांना नवा नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याचा धंदा आपल्याकडे अनेक मुस्लिम कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या केला. कल्हईवाला भांडे आधी घासून काढतो, भट्टीवर तापवतो, त्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवतो, आणि मगच कथील लावतो. नवसागर धातूवरचा गंज आणि मळ तोडतो, त्यामुळे कथील भांड्याला धरते. भांडे नीट साफ नसेल तर कथील कितीही चांगले असो, ते गोळा होऊन बसते, पसरत नाही. कल्हईचे कसब कथील लावण्यापेक्षा सफाईत अधिक आहे.

कोटिंगचेही तंतोतंत असेच आहे. कोटिंग खालची वस्तू झाकत नाही, तिच्यावर मोहोर मारते. खाली चकचकीत रंग असेल तर चकाकी बंद होते, आणि खाली मळ व चरे असतील तर मळ व चरे बंद होतात. आठ तासांचे काम धरले तर त्यातले सहा-सात तास सफाईचे आणि जेमतेम एक-दीड तास कोटिंगचा, हे प्रमाण कारागिराने मनात पक्के धरावे.

हे कोटिंग म्हणजे नेमके काय?

'सिरॅमिक' या शब्दावरून पुष्कळांना चिनी मातीची बशी आठवते. तसे काही नसते. बाटलीत सिलिकॉनची संयुगे एका उडून जाणाऱ्या द्रवात विरघळवलेली असतात. वाळू आणि काच ज्या सिलिकापासून बनतात, त्याच कुळातली ही संयुगे. द्रावण रंगावर पसरले की द्रव उडून जातो. मागे राहिलेली संयुगे हवेतील ओलावा घेऊन एकमेकांत गुंफली जातात आणि रंगाला चिकटून एक पातळ, कडक, पारदर्शक थर तयार होतो. मेण नुसते वर बसते आणि काही आठवड्यांत धुऊन जाते. हा थर मात्र पाण्याने वा शाम्पूने निघत नाही, घासूनच काढावा लागतो.

आता जाडीचा हिशेब पाहू. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला आपले पेंटर 'क्लिअर' म्हणतात, तो बहुधा ३० ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. आणि सिरॅमिक कोटिंग? एक ते दोन मायक्रॉन! केसाच्या पस्तिसाव्या-सत्तराव्या भागाइतका हा थर आहे. याच्याकडून ढालीचे काम मागणे चूक आहे.

बाटलीवर '९ एच' असे ठळक छापलेले असते. ही पेन्सिलीच्या कसोटीची खूण आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठराविक दाबाने थरावर ओढून पाहतात, आणि त्या मालिकेतली सर्वांत कडक पेन्सिल ९ एचची असते. काही विक्रेते हा आकडा रत्नांच्या कडकपणाचा म्हणून सांगतात. जवाहिऱ्याच्या मापात ९ हा आकडा माणकाचा आहे. त्या ९ चा आणि या ९ चा काही संबंध नाही. आपल्याकडची धूळ मुख्यतः काळ्या बसाल्ट खडकाची. त्यातील खनिजे जवाहिऱ्याच्या मापात ५ ते ६ च्या घरातली, आणि गारगोटीचा कण ७ चा. अशी धूळ बसलेल्या टाकीवर कोरडा फडका फिरवला तर कोटिंग असो वा नसो, चरे पडणारच.

काय मिळते, काय मिळत नाही

मिळते ते असे. रंगाला खोली आणि चमक येते. पाणी थेंब होऊन घरंगळते. चिखल, किडे आणि डांबराचे शिंतोडे घट्ट धरत नाहीत, त्यामुळे गाडी कमी वेळात व कमी पाण्यात धुऊन होते. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट लहान नाही. ऊन आणि पक्ष्यांची विष्ठा यांपासून रंगाला काही प्रमाणात आसरा मिळतो.

मिळत नाही ते असे. महामार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेली खडी रंग उडवायची ती उडवतेच. खडी अडवायची तर १५० ते २०० मायक्रॉनची जाड पारदर्शक फिल्म लागते. ते काम वेगळे आणि त्याचा खर्चही वेगळा. गाडी पडली तर रंग जातोच. जुने चरे भरून निघत नाहीत. गाडी धुवावीच लागत नाही, असेही नाही. आणि बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडायचे थांबत नाहीत. उलट पाणी थेंबाथेंबाने उभे राहते, म्हणून ते उन्हात वाळले की प्रत्येक थेंबाचे गोल वळे उमटते.

सामानाची यादी

बहुतेक सामान आपल्या बाजारात मिळते. दोन बादल्या, मऊ हातमोजा किंवा स्पंज, सौम्य शाम्पू, डांबर काढणारे द्रावण, 'क्ले बार' नावाची चिकणमातीसारखी वडी, बारीक पॉलिश व फोमचे पॅड, मास्किंग टेप, आखूड लवीची आठ-दहा मायक्रोफायबर कापडे, रबरी हातमोजे, तोंडाला मास्क, आणि कोटिंगची बाटली. बाटलीसोबत बहुधा फोमचा लहान ठोकळा व त्यावर गुंडाळायचे मऊ कापड येते.

शेवटच्या पुसणीसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे मिसळून ठेवावे. हे पाणी बॅटरीच्या दुकानात 'बॅटरीचे पाणी' म्हणून मिळते. परंतु येथे सावध राहावे. त्याच दुकानात बॅटरीत भरायचे ॲसिडही तशाच कॅनमध्ये असते. कॅनवरचे लेबल वाचल्याशिवाय हात लावू नये. चुकून ॲसिड आले तर रंग जाईल आणि हातही भाजेल. अल्कोहोल पेटणारे आहे. चूल, विडी-सिगारेट, वेल्डिंग यांच्यापासून ते दूर ठेवावे.

जागा आणि वेळ

चार भिंती, वर छप्पर, वारा येणार नाही पण हवा खेळेल अशी जागा हवी. जमीन आधी पाणी शिंपडून वाळू द्यावी, म्हणजे धूळ उडत नाही. गाडीचा पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. हवेचे तापमान १५ ते २५ अंश असेल तर उत्तम, ३० च्या वर गेले की काम हाताबाहेर जाऊ लागते. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. उन्हाळ्यात करायचेच असेल तर पहाटे सुरू करून उन्हाआधी संपवावे. पावसाळी दमट हवेत थर लवकर धरतो आणि पुसताना ओघळ राहतात, म्हणून तेव्हा हात आणखी लहान भागावर चालवावा.

गॅरेजमध्ये किंवा घरी नव्याने रंगवलेल्या टाकीवर लगेच कोटिंग करू नये. रंगातला थिनर बाहेर पडायला वेळ लागतो. किमान महिनाभर थांबावे.

पहिली पायरी : धुणे

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. सायलेन्सरचे तोंड व चावीची जागा झाकावी. आधी नुसत्या पाण्याने माती भिजवून वाहू द्यावी. जोराच्या फवाऱ्याची नळी बेअरिंग, चेन आणि स्विच यांच्यावर रोखू नये. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी घ्यावे. हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात झटकून मगच शाम्पूत बुडवावा. एकाच बादलीत सर्व केले तर खालची माती परत टाकीवर येते, आणि बहुतेक बारीक चरे असेच पडतात. वरून खाली यावे, चाके आणि चेनचा भाग शेवटी व वेगळ्या फडक्याने धुवावा.

आपल्याकडे धुलाईनंतर डिझेल मारून गाडी चमकवण्याची रीत आहे. त्या तेलकट थरावर धूळ बसते, रबर खराब होते, आणि कोटिंग तर मुळीच धरत नाही. डिझेल मारलेली गाडी आली तर दोनदा शाम्पूने धुवावी लागेल हे धरून चालावे.

दुसरी पायरी : चिकटलेला मळ

धुतलेल्या टाकीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटे फिरवा. खरखर लागली तर मळ अजून आहे. डांबराचे ठिपके त्याच्या द्रावणाने काढावेत. पेट्रोल वापरू नये, त्याने प्लॅस्टिक आणि स्टिकर बिघडतात. मग शाम्पूचे पाणी शिंपडून क्ले बारची वडी हलक्या हाताने सरळ रेषेत पुढे-मागे फिरवावी. वडी मळली की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यावी. तिच्यात रुतलेला एक खडा साऱ्या कामावर पाणी फिरवतो. थोडे पैसे वाचवण्यासाठी पडलेली वडी वापरणाऱ्याला नंतर टाकीभर पॉलिश करावे लागते.

तिसरी पायरी : पॉलिश

गाडी पूर्ण कोरडी करून मोबाईलची बॅटरी तिरपी धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे दिसतील. फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश घेऊन हाताने किंवा लहान यंत्राने ते काढावेत. पॉलिश म्हणजे रंगावरचा थर थोडा झिजवणे, हे विसरू नये. कडा आणि उंचवटे येथे थर पातळ असतो, तेथे मास्किंग टेप लावावी. नखाला अडणारा खोल चरा काढण्याच्या नादाला लागू नये. तो गिऱ्हाइकाला आधीच दाखवून ठेवावा. मॅट रंगाच्या गाडीला पॉलिश करायचेच नाही. ती मध्येच चकाकू लागते आणि पुन्हा मॅट होत नाही. अशा गाडीला मॅटसाठी बनवलेलेच कोटिंग लावावे.

चौथी पायरी : शेवटची पुसणी

पॉलिशमध्ये तेल असते. ते राहिले तर चमक दिसते पण कोटिंग धरत नाही. म्हणून अल्कोहोलचे मिश्रण स्वच्छ कापडावर घेऊन प्रत्येक भाग पुसावा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपावा. यानंतर रंगाला उघडा हात लावू नये. ही पुसणी म्हणजे आपल्या कामातला नवसागर समजावा.

पाचवी पायरी : कोटिंग

हातमोजे व मास्क घालावेत. ठोकळ्यावर कापड गुंडाळून आठ-दहा थेंब टाकावेत. एका वेळी वीतभर लांब, वीतभर रुंद एवढाच भाग घ्यावा. आधी आडवे, मग उभे, असे हलके हात फिरवून द्रावण सारखे पसरावे. एक-दोन मिनिटांत त्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक येते किंवा बारीक थेंब गोळा झाल्यासारखे दिसते. तेव्हा एका कापडाने उचलून घ्यावे आणि दुसऱ्या कापडाने अलगद पुसावे. किती थांबायचे हे प्रत्येक बाटलीचे वेगळे असते, म्हणून सोबतचा कागद आधी वाचावा आणि पहिला प्रयोग मडगार्डच्या खालच्या भागावर करावा.

प्रत्येक भाग झाला की लगेच तिरप्या उजेडात पाहावे. कोठे डाग राहिला असेल तर त्यावर नवा थेंब पसरून लगेच पुसावा. ताजा डाग त्याने विरघळून निघतो. तो दुसऱ्या दिवशी सापडला तर पॉलिशशिवाय गत्यंतर नाही. वापरलेली कापडे पुन्हा वापरू नयेत. त्यांतले द्रावण वाळून काचेसारखे टोकदार होते.

काम झाल्यावर गाडी रात्रभर घरातच ठेवावी. हिवाळ्यात दव पडते, तेही पाणीच. पहिले २४ तास पाणी लागू देऊ नये आणि सात दिवस शाम्पूने धुऊ नये. थर पूर्ण पक्का व्हायला साधारण तेवढा वेळ लागतो.

येथे कोटिंग लावू नये

ही बाब जिवाशी गाठ घालणारी आहे, म्हणून वेगळी लिहितो. ब्रेकची डिस्क, ब्रेक पॅड, ड्रमचा आतला भाग आणि टायर यांच्यावर कोटिंगचा थेंबही जाता कामा नये. ब्रेकवर गेले तर पकड कमी होते, आणि तुळजापूरचा घाट उतरताना ती चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. काम सुरू करण्यापूर्वी डिस्क प्लॅस्टिकने बांधून ठेवावी, आणि गाडी देण्याआधी स्वतः चालवून ब्रेक तपासावा. हँडलच्या मुठी, ब्रेक व क्लचचे लिव्हर, फुटरेस्ट आणि सीट या जागा निसरड्या होतात, त्या सोडाव्यात. सायलेन्सर फार तापतो. साधे कोटिंग त्यावर टिकत नाही, त्यासाठी उष्णता सोसणारे वेगळे द्रावण असते.

टाकी, साइड पॅनेल, मडगार्ड, पुढचा डोम आणि मागचा रंगीत भाग एवढ्यावर काम केले तरी गाडी नव्यासारखी उठून दिसते.

नंतरची निगा

गिऱ्हाइकाला चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नये. कपडे धुण्याच्या पावडरीने गाडी धुऊ नये. धुतल्यावर उन्हात वाळत न ठेवता लगेच टिपून घ्यावी. पक्ष्यांची विष्ठा किंवा टाकीवर सांडलेले पेट्रोल त्याच वेळी ओल्या कापडाने टिपावे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडलेच तर पांढरा सिरका व पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने मिनिटभर डागावर धरावे आणि भरपूर साध्या पाण्याने धुवावे. हे डाग चुनखडीसारख्या क्षारांचे असतात आणि सिरक्यात विरघळतात. मात्र ते महिनोन् महिने राहिले तर थरात खोल उतरतात.

धंद्याचा हिशेब

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. समजा ५० मिलिलिटरची बाटली २,००० रुपयांना पडली. एका मोटारसायकलीला साधारण १५ मिलिलिटर लागते असे धरले तर कोटिंगचा खर्च ६०० रुपये होतो. वडी, पॉलिश, अल्कोहोल आणि कापडे यांचे समजा ३०० रुपये. म्हणजे ९०० रुपये माल आणि आठ तासांची मेहनत. पुष्कळ तरुण येथेच हिशेब थांबवतात आणि फसतात.

कारण उघडलेली बाटली टिकत नाही. झाकण उघडले की हवेतला ओलावा आत शिरतो आणि काही आठवड्यांत द्रावण घट्ट होऊ लागते. महिन्याला एकच गाडी आली तर उरलेले ३५ मिलिलिटर वाया जाते, आणि त्या एका गाडीवर ६०० नव्हे, २,००० रुपये पडतात. ९०० रुपयांच्या जागी मालाचा खर्च २,३०० होतो. म्हणून तीन गाड्यांची नोंद झाल्याशिवाय मोठी बाटली उघडू नये. तोवर लहान बाटली घ्यावी, जरी ती मिलिलिटरमागे महाग पडली तरी.

दुसरे म्हणजे, दर दहा कामांत एखादे पुन्हा करावे लागेल हे धरून त्याचा खर्च भावात घालावा. तिसरे, सफाई व पॉलिश हे काम वेगळ्या दराने ठेवावे. ज्याला कोटिंग परवडत नाही त्याची गाडी नीट धुऊन, पॉलिश करून मेण लावून दिली तरी तो समाधानाने जातो, आणि त्यात बाटलीची जोखीम नसते. आमच्या अनुभवाने घरखर्च याच कामावर निघतो.

पाटीवर काय लिहावे?

फवाऱ्याच्या काही स्वस्त बाटल्यांवरही 'सिरॅमिक' हा शब्द असतो. त्यांचा परिणाम काही आठवडे ते काही महिने टिकतो. ती वस्तू वाईट नाही. परंतु ती लावून पक्क्या कोटिंगचे पैसे घेणे ही मापात मारलेली कांडी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे, हे तर खरेच. पण कायदा येण्याआधी गिऱ्हाईकच येते. पाटीवर 'पाच वर्षे गॅरंटी' लिहिणाऱ्याने स्वतःला विचारावे, ही गाडी रोज शेतात, धुळीत, उसाच्या रस्त्यावर उभी राहणार आहे. पाच वर्षांनी आपण काय दाखवणार?

आम्ही आता बिलावर तीन ओळी लिहितो. कोणते द्रावण लावले, कोठे लावले, आणि याने खडी व चरे अडत नाहीत. गाडी घेताना टाकीचे जुने चरे गिऱ्हाइकाला दाखवून त्याच्यासमोर मोबाईलवर फोटो काढतो. सुरुवातीला वाटले होते की 'अडत नाहीत' हे वाचून लोक परत जातील. काही गेलेही. पण जे राहिले ते पुढच्या वर्षी भावाची गाडी घेऊन आले.

आणि ते मास्तर? फुकट करून दिलेल्या कामानंतर दोन महिन्यांनी ते शाळेतल्या आणखी एका शिक्षकाला घेऊन आले. आम्ही संकोचाने विचारले, "मास्तर, पहिल्या वेळी एवढे बिघडले होते, तरी?" ते म्हणाले, "बिघडले तेव्हा तुम्ही दार लावून घेतले नाही, म्हणून."

उजळणी

काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत. पत्रा हाताला थंड आहे काय? पिशवीतल्या बोटांना खरखर लागते काय? पॉलिशचे तेल निघाले काय? ब्रेकची डिस्क बांधली काय? आणि गिऱ्हाइकाला जे सांगितले ते उद्या त्याच्या डोळ्यांसमोर खरे ठरेल काय? पाचांची उत्तरे समाधानकारक असतील तर बाटली उघडावी. एकाचेही नसेल तर गाडी उद्यावर ठेवावी. उशीर झाला म्हणून गिऱ्हाईक रागावेल, पण गाडी बिघडली तर ते परत येणार नाही.